तीव्रता कशाची: मॅग्निट्यूडची की इंटेन्सिटीची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूकंप झाला की '4.5 रिश्टर स्केल तीव्रतेचा धक्का' असे हमखास छापून येते. मूळ इंग्रजी बातमीत त्या जागी 'मॅग्निट्यूड' असते. तीव्रता म्हणजे 'इंटेन्सिटी', आणि ती वेगळी गोष्ट आहे.

मॅग्निट्यूड हे भूकंपाचे माप. भूकंपमापकांच्या नोंदींवरून ते काढतात आणि एका भूकंपाला ते एकच असते, गाव जवळचे असो वा चारशे किलोमीटरवरचे. आकडा एकने वाढला की नोंदलेले कंपन दहापट होते, ऊर्जा मात्र सुमारे 32 पट. 'दहापट शक्तिशाली' लिहिताना हा फरक हटकून विसरला जातो. शिवाय या मापाला वरची हद्द ठरलेली नाही. '10 पैकी 6' असे त्याचे गुणपत्रक नसते.

इंटेन्सिटी गावागणिक बदलते. टांगलेल्या वस्तू हलल्या, भांडी पडली, भिंतींना तडे गेले की घरेच कोसळली, हे पाहून ती ठरते. आपल्याकडे वापरतात त्या एमएसके (मेदवेदेव-स्पोनह्युअर-कार्निक) श्रेणीत तिच्या 12 पायऱ्या आहेत. त्या रोमन अंकांत लिहितात, दशांश चिन्ह नसते. घराचा प्रकारही पाहावाच लागतो: मातीत रचलेली दगडी भिंत पडली आणि काँक्रीटची इमारत पडली, तर दोन्हींची पायरी एक धरत नाहीत.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाचे मॅग्निट्यूड 6.2. किल्लारीच्या आसपास इंटेन्सिटी आठ-नऊच्या घरात होती, दूरच्या गावांत ती उतरत गेली. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप 6.3 चा, म्हणजे जवळपास तेवढाच. तिथे सुमारे 180 माणसे गेली, किल्लारीला हजारो. दोन्ही धक्के पहाटेचेच. किल्लारी परिसरातल्या दाट वस्तीच्या गावांत जाड दगडी भिंतींवर मातीची जड माळवदे होती, ती झोपलेल्या माणसांवर आली. हे 6.2 या आकड्यात कुठेही दिसत नाही. म्हणूनच इंटेन्सिटीचा वेगळा शब्द जपायला हवा.

ओळखायची खूण सोपी आहे. दशांशातला आकडा आणि सगळ्या भूकंपाला एकच, तर मॅग्निट्यूड. गावाचे नाव जोडल्याशिवाय अर्थ लागत नसेल, तर इंटेन्सिटी. पहिल्यासाठी 'परिमाण' लिहावे, दुसऱ्यासाठीच 'तीव्रता' राखावी. 'रिश्टर' तर गाळलेलेच बरे: ते माप 1935 साली कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी बेतलेले होते आणि मोठ्या भूकंपांना आज मोमेंट मॅग्निट्यूड हे दुसरे माप वापरतात.

अशीच गल्लत 'एपिसेंटर' आणि 'हायपोसेंटर' यांची होते. 'भूकंपाचा केंद्रबिंदू जमिनीखाली 10 किलोमीटरवर' या वाक्यात खोली हायपोसेंटरची, म्हणजे भूकंपनाभीची असते. एपिसेंटर, म्हणजे अपिकेंद्र, नाभीच्या थेट वर जमिनीच्या पृष्ठभागावर असते; त्याला अक्षांश-रेखांश असतात, खोली नसते.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक