परदेशी शिकायला जाताय? स्वयंसेवेबद्दल रविवारी बोलू

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये निघणारी मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी येत्या रविवारी सकाळी साडेदहाला दादरला, आपल्या नेहमीच्या हॉलवर भेटतोय. विषय एकच, शिकता शिकता तिथल्या वस्तीत स्वयंसेवा.

आधी व्हिसाचा नियम बघा. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला 20 तास काम करता येतं. संस्थेने करार करून तास बांधून दिले, तर बिनपगारी कामही त्यात धरलं जातं. निव्वळ स्वेच्छेची मदत धरली जात नाही. फरक बारीक आहे, पण त्यावरून व्हिसा अडचणीत येऊ शकतो. म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाकडून लेखी उत्तर घ्याच. अमेरिकेत एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर, एरवी पगार देऊन करवून घेतात ते काम फुकट करणंही चालत नाही.

लहान मुलांसोबत काम करायचं तर पोलीस क्लिअरन्स मागू शकतात. ते पासपोर्ट सेवेमार्फत इथूनच काढून ठेवा, तिकडून काढणं जिकिरीचं होतं.

आपल्यातली एक मुलगी गेल्या हिवाळ्यात दर शनिवारी फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या केंद्रात, डब्यांवरच्या तारखा तपासून खोकी भरायची. शेजारी उभ्या राहणाऱ्या आजींशी बोलता बोलताच तिची भीड चेपली. रविवारी ती व्हिडिओ कॉलवर येणार आहे, मनातलं सगळं विचारा.

ऑफर लेटरची प्रत आणा. नावं शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.

– कार्यवाह