फ्रँचायझी लीगला दूषण देण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आयपीएलचा लिलाव जवळ आला किंवा आपला संघ एखादी कसोटी मालिका हरला, की वाचकांच्या पत्रव्यवहारात खासगी मालकांच्या संघांच्या स्पर्धांच्या, म्हणजे फ्रँचायझी लीगच्या नावाने बोटे मोडणारी पत्रे हमखास येऊ लागतात. देशाकडून खेळणे हेच खरे क्रिकेट आणि लीग म्हणजे पैशाचा बाजार, असा त्यांचा साधारण सूर असतो. मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. बँकेच्या संघातून टाइम्स शील्ड या कार्यालयीन संघांच्या स्पर्धेच्या खालच्या गटात आणि पावसाळ्यात कांगा लीगमध्ये फिरकी टाकण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि कसोटी सामना पाच दिवस पाहण्याचा कंटाळा मला आजही येत नाही. तरीही या सुरात सूर मिसळणे मला जमत नाही, आणि त्याचे कारण मुंबईच्याच क्रिकेटमध्ये आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये म्हणजे २०२५ साली निवर्तलेले पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले होते. भारताची टोपी मात्र त्यांना कधीच मिळाली नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी खेळत होते आणि संघात डावखुऱ्या फिरकीची जागा एकच होती. पुढच्या पिढीत अमोल मुझुमदार यांची कथा तीच. पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा, कारकिर्दीत ११ हजारांहून अधिक प्रथम श्रेणी धावा, आणि देशाकडून एकही सामना नाही. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण असताना जागा होणार तरी कुठून? या दोघांच्या वेळी वर जाण्याचा दरवाजा एकच होता आणि त्याची कडी निवड समितीच्या हातात होती. त्या दाराबाहेर राहिलेल्या माणसाला सवड सापडली की मैदान, एरवी कार्यालयातली खुर्ची आणि लोकांची हळहळ, एवढेच हाती लागत असे.

सूर्यकुमार यादव मुंबईकडून रणजी खेळू लागला तो २०१० मध्ये, आणि भारताकडून पहिला सामना खेळला तो मार्च २०२१ मध्ये, वयाची तिशी ओलांडल्यावर. आधीच्या काळात दहा वर्षे वाट पाहणाऱ्या फलंदाजाचे नाव निवड समितीच्या चर्चेतूनही गळून गेले असते. सूर्यकुमारचे नाव टिकले, कारण दर वर्षी आयपीएलमध्ये तो जगातल्या अव्वल गोलंदाजांसमोर, भरल्या स्टेडियममध्ये, साऱ्या देशाच्या डोळ्यांदेखत धावा करीत राहिला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये खेळलेला पहिलाच चेंडू त्याने इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरला षटकारासाठी भिरकावला, तेव्हा समालोचकांना नवल वाटले असेल. आर्चर त्याला नवा नव्हता, आयपीएलमध्ये दोघे समोरासमोर येऊन गेले होते. जून २०२४ मध्ये बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सीमारेषेवर त्याने दक्षिण आफ्रिकेच्या मिलरचा जो झेल घेतला, त्यानंतर मरीन ड्राइव्हवर लोटलेली गर्दी आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या गर्दीत लीगला नाके मुरडणारेही पुष्कळ असतील, असा माझा अंदाज आहे.

सौरभ नेत्रावळकरचे उदाहरण याहूनही बोलके आहे. हा मुंबईचा डावखुरा वेगवान गोलंदाज २०१० चा १९ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला, मुंबईकडून रणजीचा जेमतेम एक सामना त्याच्या वाट्याला आला, आणि मग शहाण्या मध्यमवर्गीय मुलाप्रमाणे तो उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जाऊन संगणक अभियंता झाला. ६ जून २०२४ रोजी त्याच विश्वचषकात डॅलसमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला हरवले ते त्याने टाकलेल्या सुपर ओव्हरमध्ये, आणि त्याच आठवड्यात न्यूयॉर्कला त्याने विराट कोहली आणि रोहित शर्मा यांना बाद केले. ज्या देशात २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेट सुरू झाले, तिथे नोकरी सांभाळणाऱ्या या गोलंदाजाला बड्या खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळण्याची सोय त्या लीगनेच केली. २०२४ मध्ये विजेत्या ठरलेल्या वॉशिंग्टनच्या संघात तो होता. त्याने मुंबईचे नाव घालवले की राखले, हे वाचकांनीच ठरवावे.

आता पोटापाण्याचा मुद्दा, ज्याकडे निष्ठेच्या चर्चेत सगळेच काणाडोळा करतात. आमच्या वेळी मुंबईतले क्रिकेट नोकऱ्यांवर उभे होते. टाटा, मफतलाल, निर्लॉन, एसीसी, स्टेट बँक यांच्या संघांत जागा मिळाली की मुलाच्या घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. सकाळी मस्टरवर सही, दुपारी क्रॉस मैदानावर नेट, आणि महिन्याच्या अखेरीस ठरलेला पगार. साहेबाला क्रिकेटची आवड असली तर बढतीही मिळे, नसली तर रजेच्या अर्जावर सही मिळवतानाच घाम फुटे. कांगा लीगमध्ये गुडघाभर गवतात अडकलेला चेंडू शोधणारे निम्मे खेळाडू कोणत्या ना कोणत्या कार्यालयाच्या पगारपत्रकावर असत. या व्यवस्थेतूनच मुंबईचे खडूस क्रिकेट घडले. त्या नोकऱ्या आता आटल्या. गिरण्या गेल्या, बँकांतली खेळाडूंची भरती रोडावली. खेळाडूला उदरनिर्वाहाची हमी देणारे काहीतरी त्या जागी यायला हवे होते, आणि बरे-वाईट जे आले ते लीग आहे. रणजी खेळणाऱ्या नवख्या खेळाडूला आज दिवसाला ४० हजार रुपये मानधन मिळते, ही आमच्या काळाच्या मानाने चंगळच म्हणायची. पण ते संघात असेपर्यंत आणि हंगाम चालू असेपर्यंत. आयपीएलच्या लिलावातील किमान बोली ३० लाखांची आहे. पालघर, कल्याण, विरारहून किटबॅग सांभाळत लोकलने येणाऱ्या मुलाच्या बापाला या दोन आकड्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

मुलींच्या बाबतीत तर आधी कार्यालयातली खुर्चीदेखील क्वचितच होती. डायना एडल्जी यांच्या पिढीला आधार होता तो रेल्वेच्या नोकरीचा, आणि देशांतर्गत महिला क्रिकेटवर रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे अधिराज्य गाजवत राहिला, त्याचे मुख्य कारण तेच. मार्च २०२३ मध्ये ब्रेबर्न आणि डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला प्रीमियर लीग सुरू झाली. मध्य प्रदेशातल्या घुवारासारख्या आडगावातली क्रांती गौड २०२५ च्या हंगामात यूपी वॉरियर्सकडे दहा लाखांच्या किमान बोलीवर आली, त्याच वर्षी भारताकडून खेळली, इंग्लंडमध्ये एका सामन्यात सहा बळी घेऊन मोकळी झाली आणि नोव्हेंबरमध्ये विश्वविजेत्या संघात होती. डी. वाय. पाटीलवरच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना आपली वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ धावा करून उभी राहिली. ज्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंचे दडपण पूर्वीच्या संघांवर ड्रेसिंग रूमपासूनच असे, त्यांच्याबरोबर आणि त्यांच्याविरुद्ध तिचे अनेक हंगाम गेले होते. दिल्लीच्या संघात तर तिची कर्णधारच मेग लॅनिंग होती. विश्वचषक केवळ लीगमुळे मिळाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. भारतीय क्रिकेट मंडळाने २०२२ मध्ये पुरुषांइतके सामना मानधन दिले, आणि संघाला प्रशिक्षक लाभला तो मुंबईचाच, देशाकडून कधीही न खेळलेला अमोल मुझुमदार. पण लीग वजा केली तर त्या संघातल्या दोन-तीन मुली आपल्याला नावानेही ठाऊक नसत्या, एवढे नक्की.

लीगमुळे देशभावना पातळ होते, या आक्षेपाने मला फारसे अस्वस्थ केलेले नाही. २०१९ च्या आयपीएलच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर चेन्नईला दोन धावा हव्या होत्या. चेंडू हातात होता श्रीलंकेतल्या गॉलजवळच्या मलिंगाच्या, मुंबईसाठी, आणि बॅट होती पालघरच्या शार्दुल ठाकूरच्या हातात, चेन्नईसाठी. मलिंगाने त्याला पायचीत केले आणि मुंबई एका धावेने जिंकली. आमच्या इमारतीत फटाके वाजले, आणि पुढे शार्दुल ब्रिस्बेनला भारतासाठी झुंजला तेव्हा त्याच गॅलऱ्यांतून टाळ्याही पडल्या. प्रेक्षकाला दोन निष्ठा सांभाळता येतात. खेळाडूंचे म्हणाल तर २००८ च्या सिडनी कसोटीत ज्या हरभजन आणि ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स यांच्या वादावरून दोन देशांची मंडळे हातघाईवर आली, ते दोघे २०११ मध्ये मुंबई इंडियन्सच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलत होते.

मात्र लीगच्या कैवाऱ्यांचेही सगळे दावे पटण्याजोगे नाहीत. आयपीएलमुळे भारत टी-ट्वेंटीत अजिंक्य झाला, हे तर उघडच खोटे आहे: पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक आपण २००७ मध्ये, आयपीएल जन्मण्याआधी जिंकलो आणि दुसऱ्यासाठी सतरा वर्षे थांबलो. खरे नुकसान वेळापत्रकाचे आणि छोट्या मंडळांचे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला कसोटी मालिकेसाठी दुय्यम संघ पाठवला, कारण पहिल्या फळीचे खेळाडू घरच्या एसए-ट्वेंटी लीगला बांधील होते. नील ब्रँड या कर्णधाराचीच ती पहिली कसोटी होती. दोन्ही सामने हरून तो संघ परतला. हा कसोटी क्रिकेटचा अपमान होता, यात शंका नाही. पण त्याच देशाने जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी अजिंक्यपद मिळवले आणि नोव्हेंबरमध्ये कोलकाता व गुवाहाटीला आपल्यालाच २-० अशी धूळ चारली. लीगमुळे ते जिंकले असे मी म्हणणार नाही. परंतु भारताचा दौरा नसलेल्या वर्षी ज्या मंडळाला खर्चाची तोंडमिळवणी करताना नाकीनऊ येतात, त्याने आपल्या लीगसाठी एक महिना राखून ठेवला तर त्याला दोष देण्यापूर्वी आपण आपल्याकडे पाहावे. त्या लीगचे सहाही संघ सुरुवातीपासून आयपीएलच्याच मालकांचे आहेत, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या (आयसीसी) उत्पन्नातला ३८.५ टक्के वाटा आपल्या मंडळाला मिळतो. ट्रेंट बोल्टने २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या मंडळाचा वार्षिक, म्हणजे केंद्रीय करार सोडला, निकोलस पूरन २०२५ मध्ये २९ व्या वर्षी वेस्ट इंडीजकडून निवृत्त झाला. यांना पैशाचे लोभी म्हणणे सोपे आहे, पण त्यांच्या मंडळांच्या तिजोरीत खडखडाट का आहे याचे उत्तर बरेचसे मुंबईतच, चर्चगेटच्या मंडळाच्या कार्यालयात सापडेल.

म्हणून माझी मागणी लीग आवरण्याची नाही, तिच्याकडून वसुली करण्याची आहे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. एवढ्या पैशाचा धनी असलेल्या मंडळाने आयसीसीत बसून, कसोटी खेळणाऱ्या प्रत्येक देशाला वर्षातला ठरावीक काळ लीगविरहित मिळेल असा आग्रह धरणे अवघड नाही. दोन महिने जगाने आपल्यासाठी मोकळे ठेवायचे आणि दुसऱ्यांच्या कसोटींसाठी आपण हात झटकायचे, हे शोभत नाही. दुसरे असे की, २०२४-२५ पासून रणजी हंगामाचे दोन तुकडे करून मध्ये पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा घुसवल्या आहेत; ऐन भरात आलेला गोलंदाज नोव्हेंबरात लाल चेंडू खाली ठेवतो आणि जानेवारीत पुन्हा शून्यापासून टप्पा शोधतो. रोहित शर्मा जानेवारी २०२५ मध्ये बीकेसीवर जम्मू-काश्मीरविरुद्ध उतरला तेव्हा कडेला माणसे दाटीवाटीने उभी होती, म्हणजे रणजीला प्रेक्षक नाहीत हेही पूर्ण सत्य नव्हे. केंद्रीय करारातल्या खेळाडूंनी मोकळ्या वेळात रणजी खेळावे, हा नियम वलयांकित नावांसाठीही तितक्याच काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे.

आणि शेवटचे, आपल्या शहरापुरते. लीगचे संघ ज्या खेळाडूंवर बोली लावतात त्यांतले कितीतरी आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि शिवाजी पार्कच्या तंबूंत वाढलेले असतात. तिथल्या खेळपट्ट्या रोलर ओढणाऱ्या तुटपुंज्या पगाराच्या माळ्यांच्या जिवावर टिकून आहेत, आणि सरावाला येणाऱ्या मुलींना कपडे बदलण्यासाठी आडोसा शोधावा लागतो. फ्रँचायझींच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दर वर्षी या मैदानांच्या देखभालीसाठी, माळ्यांच्या वेतनासाठी आणि मुलींच्या स्वतंत्र खोल्यांसाठी थेट जमा व्हावा, आणि त्याचा जमाखर्च प्रत्येक हंगामाच्या अखेरीस वर्तमानपत्रांत प्रसिद्ध व्हावा, यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक निवृत्त क्लब क्रिकेटपटू,
दादर, मुंबई