बेकारीचा भत्ता नेमका कुठे अडकलाय

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काम सुटलेल्यांना ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून मिळणारा भत्ता पाटीलकाकांच्या खात्यावर जमा झाला आणि आपला नाही, हे आईकडून कळलं. बाबा, एका परीने ही चांगलीच खबर आहे. कंपनी एकच, काम सुटलं एकाच दिवशी, ईएसआयची शाखाही एकच. म्हणजे ‘योजनाच बंद पडली’, ‘वरून पैसे आलेले नाहीत’ ही टपरीवरची कारणं बाजूला ठेवायला हरकत नाही. खोट आहे ती तुमच्या नोंदीत, नाहीतर बँकेत. ती कुठे आहे हे कळल्याशिवाय शाखेत जाऊन साहेबाशी वाद घालू नका. साहेबाच्या हातात नसलेली गोष्ट तो देऊ शकत नाही.

इथल्या कंपनीची ईएसआयची मासिक भरणी माझ्याच टेबलावर असते, त्यामुळे पलीकडच्या बाजूने काय चुकतं ते मला ठाऊक आहे. सगळ्यात जास्त चुकतं ते शेवटच्या महिन्याच्या नोंदीत. एखाद्या कामगाराचे दिवस शून्य दाखवले की पोर्टल कारण विचारतं. रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, संप किंवा टाळेबंदी, छाटणी, काम नाही, अशी यादी असते. नोकरी सोडली, निवृत्त, छाटणी अशा कारणांबरोबर कामाचा शेवटचा दिवसही टाकावा लागतो. महिन्याची भरणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत करायची असते, आणि त्या गडबडीत कारकून हाताला येईल तो पर्याय निवडतो. तुमच्या नावापुढे ‘रजेवर’ असेल तर सरकारदरबारी तुम्ही अजून नोकरीतच आहात. ‘निवृत्त’ असेल तर आणखी वाईट, कारण निवृत्तांना हा भत्ता नाही. तुमचं वय ५६, कंपनीत निवृत्ती ५८ ला, त्यामुळे पिकलेले केस बघून कुणी तो पर्याय टाकला असण्याची मला दाट शंका आहे. हे दुरुस्त करायचं काम कंपनीचं, शाखेचं नाही. कुपवाडला जाऊन एचआरकडे लेखी अर्ज द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का-सही घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

तिथे गेल्यावर ‘हिशेब मिळेल, इथे सही करा’ म्हणून कागद पुढे केला, तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. राजीनामा असेल तर सही नको. राजीनामा म्हणजे आपणहून सोडलं असा अर्थ लागतो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढलेले, निवृत्त झालेले आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेले बसत नाहीत. तुम्हाला एक शिफ्ट बंद करून कमी केलंय, त्याला छाटणी म्हणतात. तेच शब्द असलेलं पत्र मागा.

दुसरी शंका विमा क्रमांकाची. तुम्ही आधी ठेकेदाराकडे होता आणि नंतर कंपनीच्या रोलवर आलात. अशा वेळी कंपनी जुना क्रमांक न विचारता नवा काढते, आणि एकाच माणसाची वर्गणी दोन क्रमांकांवर विभागली जाते. या योजनेला आधीची किमान दोन वर्षं विम्याखालची नोकरी लागते. काम सुटण्याच्या लगतच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत ७८ दिवस. ईएसआयची सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी धरतात. तुमचं काम जानेवारीअखेर सुटलं, म्हणजे तुमच्यासाठी लगतची सहामाही एप्रिल ते सप्टेंबर. नव्या क्रमांकावर दोन वर्षं भरत नसतील तर अर्ज तिथेच बसून राहणार. ठेकेदाराच्या वेळचं कार्ड आईने पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं असेल. दोन्ही कार्डांवरचे दहा आकडी क्रमांक ताडून बघा. वेगळे निघाले तर शाखेत दोन्ही एक करून देण्याचा अर्ज करा, सोबत आधारची प्रत आणि दोन्हीकडच्या पगाराच्या पावत्या लावा. पगारातून कापलेली वर्गणी मालकाने भरलीच नसेल, तरीही या पावत्याच तुमचा पुरावा. वसुली मालकाकडून करायची असते, त्याचा भुर्दंड कामगारावर नाही.

आता बँक. अर्ज मंजूर होऊनही पैसे परत जातात, आणि ते तुम्हाला कुणी कळवत नाही. तुमचं पासबुक सिंडिकेट बँकेच्या काळातलं आहे. ती २०२० मध्ये कॅनरात विलीन झाली आणि आयएफएससी बदलला. अर्जात जुना कोड लिहिला असेल तर पासबुक नवं करून घ्या आणि नवा कोड ईएसआयच्या शाखेत द्या. खात्यावर दोन वर्षं स्वतःहून काही व्यवहार केला नसेल तर ते निष्क्रिय होतं, मग आधी केवायसी. पतसंस्थेचं खाते देऊ नका, कितीही जवळ असली तरी. शिवाय आधारवर नाव एका तऱ्हेने, पासबुकावर दुसऱ्या, आणि ईएसआयच्या नोंदीत वडिलांचं नाव गाळलेलं, हेही बघून घ्या. आई, हे काम तू कर. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळव, बाबा घाई करतात.

स्टँपचं एक. कुणी पाचशेच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं तर ऐकू नका. ती अट नोव्हेंबर २०२० मध्येच काढली. ऑनलाइन अर्जाला आधार आणि बँकेचे कागद स्कॅन करून जोडले असतील तर कागदी प्रतही द्यावी लागत नाही. जोडले नसतील तर अर्जाची छापील प्रत सही करून कागदांसह शाखेत द्यायची. तुमचा अर्ज सेंटरवाल्याने भरलाय, तेव्हा कागद जोडलेत का हे त्यालाच विचारा. मोबाइल नंबर त्याने स्वतःचा टाकलेला नाही ना, हेही बघा. हे लोक सर्रास तसं करतात आणि मग सगळे मेसेज त्यांच्याकडे जातात.

मिळणार किती, तेही समजून घ्या. आधीच्या चार सहामाह्यांतला एकूण पगार भागिले ७३०, त्याच्या निम्मे, असे जास्तीत जास्त ९० दिवस. तेही आयुष्यात एकदाच. महिना १६,००० धरले तर ३,८४,००० भागिले ७३० म्हणजे रोजचे ५२६, निम्मे २६३, आणि नव्वद दिवसांचे साधारण २३,६७० रुपये. पैसे काम सुटल्यावर ३० दिवसांनंतर देय होतात आणि पुढच्या तारखांचा अर्ज चालत नाही. पाटीलकाकांना थोडे जास्त-कमी मिळाले असतील तर मनाला लावून घेऊ नका, त्यांचा ओव्हरटाइम वेगळा. मध्येच कुठे काम लागलं तर रुजू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतचे मिळतात, म्हणून भत्त्यासाठी आलेलं काम नाकारू नका. ही योजना १ जुलै २०१८ पासून मुदतवाढ घेत घेत चाललीय, तेव्हा रेंगाळूही नका.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. छाटणी झालेल्यांसाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, २००५ पासूनची. तिच्यात भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळू शकतो. पहिलं वर्ष पगाराच्या ५० टक्के, दुसरं वर्ष २५ टक्के, आणि त्या काळात स्वतःला नि घरच्यांना ईएसआयचे औषधोपचार. दोन्ही योजनांचे पैसे एकाच वेळी मिळत नाहीत. सेंटरवाल्याला पहिलीच माहीत असते, म्हणून तो तीच भरतो. तुमचे पैसे अजून निघालेले नाहीत, तेव्हा शाखेत छाटणीचं पत्र दाखवून ‘मी या दुसऱ्या योजनेत बसतो का, आणि आधीच्या अर्जाचं काय करायचं’ असं लेखी विचारा. म्हणून तर त्या पत्रासाठी एवढा आग्रह.

आईच्या बीपीच्या गोळ्यांची काळजी नको. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढचे जानेवारी ते जून असा लाभाचा काळ असतो. दवाखान्यात ‘नोकरी गेली, कार्ड संपलं’ म्हणाले तर जूनअखेरपर्यंतचा हक्क आहे असं शांतपणे सांगा. पीएफला मात्र इतक्यात हात लावू नका.

कंपनीने दुरुस्ती केली, बँक ठीक आहे, तरी हालचाल नसेल तर १८००-११-२५२६ वर विमा क्रमांक सांगून तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या. कामगार मंत्रालयाने २०२० मध्येच दावे १५ दिवसांत निकाली काढायचं म्हटलं होतं, ते सांगायला लाजू नका. शाखा दर महिन्याला सुविधा समागम, म्हणजे तक्रारी ऐकायची बैठक, भरवते, तिथे साहेब समोर असतात. तेवढ्यानेही नाही झालं तर मी इथून १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन टाकते. तुमचा अर्ज कुणाच्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कारणाने थांबलाय, एवढंच विचारायचं. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

सध्या मला दोन्ही विमा कार्डं, पासबुकाचं पहिलं पान आणि शेवटच्या तीन पगारपावत्यांचे फोटो व्हॉट्सअपवर पाठवा. ओटीपी आला तर तो सेंटरवाल्याला नाही, मला फोन करून सांगा.

तुमची,
सुमी