टेबलावरच ‘सुटका’ कशी जाहीर केलीत?

संपादक महोदय,

स्तनाच्या कर्करोगाविषयी कालच्या आरोग्य पानावर ‘रेडिएशनपासून एका दिवसात सुटका’ असा मथळा होता. गाठ काढल्यावर त्याच शस्त्रक्रियेत, टेबलावरच, रेडिएशनचा एक डोस देण्याच्या उपचारावर तो लेख होता. तो मथळा दिशाभूल करणारा आहे. सुटका झाली की नाही हे शस्त्रक्रियेच्या दिवशी ठरतच नाही. पॅथॉलॉजीचा पक्का अहवाल यायला काही दिवस जातात. काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडल्या, काखेतल्या गाठीत आजार निघाला किंवा स्तनातली गाठ लोब्युलर (दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारची ठरली, तर पूर्ण स्तनाला बाहेरून रेडिएशन द्यावं लागतं. याच उपचाराची बाहेरून दिलेल्या रेडिएशनशी तुलना करणाऱ्या टार्गिट-ए चाचणीत, मूळ शस्त्रक्रियेतच डोस मिळालेल्यांपैकी 21.6 टक्के बायकांवर ही वेळ आली. म्हणजे पाचांतली एक! आधीचा डोस तेव्हा बूस्ट, म्हणजे गाठीच्या जागेला दिलेला जादा डोस, म्हणून धरतात, वाया जात नाही. पण हे तिला भूल देण्याआधी सांगायला हवं.

‘पोकळीत गोळा ठेवून किरण देतात’ एवढ्यावर लेखानं तंत्र उरकलं. खरी कसोटी तिथेच असते. गोळे 1.5 ते 5 सेंमी व्यासाचे. पोकळीत चपखल बसेल तोच घ्यायचा. किरण 50 किलोव्होल्टचे, म्हणजे फार खोल न जाणारे क्ष-किरण, म्हणून गोळ्याच्या पृष्ठभागावर 20 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक) असलेला डोस 1 सेंमीवर 5 ते 7 ग्रेवर येतो. मध्ये रक्त साचलं किंवा हवा राहिली, तर तिथली भिंत उपाशी राहते. ते टाळण्यासाठी पर्स-स्ट्रिंग टाका (बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका) घालून ऊती गोळ्याभोवती आवळतात. तो टाका वरवर घेतला तर त्वचाही आत ओढली जाते आणि गोळ्यापासून 1 सेंमीच्या आत आली की जखम चिघळण्याची भीती. हे अंतर अल्ट्रासाउंडवर मोजावं, अंदाजानं नव्हे.

आजार परतण्याचे आकडे तर लेखात नाहीतच. टार्गिट-एमध्ये 5 वर्षांत त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेतच डोस घेतलेल्यांत 2.11 टक्के, बाहेरून रेडिएशन घेतलेल्यांत 0.95. मिलानच्या एलियट चाचणीत, जिथे शस्त्रक्रियेतल्या डोससाठी क्ष-किरणांऐवजी इलेक्ट्रॉन वापरले, 15 वर्षांनी 12.6 टक्के विरुद्ध 2.4. एकूण जगण्यात फरक दिसला नाही हेही खरं. दोन्ही बाजू छापा, निवड तिला करू द्या.

शिवाय लेखानं तुलना बाहेरून दिलेल्या सहा आठवड्यांच्या रेडिएशनशी का केली? 15 बैठकांत 40 ग्रे, म्हणजे तीन आठवड्यांतच, ही पद्धत रुळून बरीच वर्षं झाली. 2020 पासून 5 बैठकांत 26 ग्रेचाही आधार आहे.

आणि सोबत केस गेलेल्या स्त्रीचं चित्र! स्तनाच्या रेडिएशननं डोक्याचे केस जात नाहीत, ते केमोनं जातात. घाबरलेल्या बाईला आणखी घाबरवू नका.

आपली,
वैद्यकीय भौतिकीतील एक वाचक