मास्कची सक्ती उठली त्या आठवड्यात

15 मार्च 2022

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढ्यात मास्क काढायची घाई कशाला?" मला बस गाठायची होती, उत्तर अर्धवटच राहिलं.

कालपासून आमच्या विद्यापीठात वर्गातली मास्कसक्ती उठली. घाई म्हणाल तर तशी नाही. जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेत कुणी हे केलं असतं तर मीच भांडले असते. तेव्हा आमचे पहिले दोन आठवडे ऑनलाइनच गेले. पण सीडीसीने, म्हणजे इथल्या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, 25 फेब्रुवारीला निकषच बदलले. आता नुसते रुग्ण मोजत नाहीत, रुग्णालयात नव्याने किती जण दाखल झाले आणि किती खाटा कोविडने अडवल्यात तेही बघतात. त्यावरून प्रत्येक काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची, पातळी ठरते: कमी, मध्यम किंवा जास्त. जास्त असेल तरच सगळ्यांनी बंद जागेत मास्क लावा म्हणतात. आमची काउंटी सध्या 'कमी'त आहे. बसमध्ये मात्र मास्क लागतोच, तो नियम 18 एप्रिलपर्यंत वाढवलाय.

आता वर्गाचं सांगते. माझ्या तासाला पहिल्या बाकावर एक मुलगा बसतो. प्रश्न विचारला की खाली बघायचा. अभ्यास करत नाही, अशी मी मनाशी खूणगाठ बांधून टाकली होती. काल मी मास्क काढून फळ्यापाशी उभी राहिले, तर त्याने तासात तीनदा हात वर केला. नंतर थांबून म्हणाला, मला एका कानाने ऐकू येत नाही, मी ओठ बघून समजून घेतो. आई, जानेवारीपासून तो माझ्यासमोर बसत होता आणि मी काहीबाही पुटपुटत होते. त्याला बिचाऱ्याला अर्धं कळत नव्हतं आणि गुण मी कापत होते. रात्री झोप लागली नाही. त्याच्या जुन्या उत्तरपत्रिका मी पुन्हा काढल्यात.

आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका मुलीची मेल आली. तिचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घ्यावी लागतात, त्यामुळे लशीचाही तिला इतरांइतका उपयोग होत नाही. बाकीच्यांनी मास्क काढला तरी स्वतःचा एन-95 पुरे, असं इथे सर्रास सांगतात. नीट बसला तर तो किमान 95 टक्के कण अडवतो, हे खरं. पण ती पाणी प्यायलासुद्धा इमारतीबाहेर जाते, हे सांगणाऱ्यांनी पाहिलेलं नाही. सक्ती होती तेव्हा तिला कुणाची मनधरणी करावी लागत नव्हती. आता प्रत्येक खोलीत शिरताना तिनेच आपलं दुखणं सांगायचं, याचा मला मनापासून राग येतो. नियम उठवा, पण ती जबाबदारी तरी तिच्या एकटीच्या गळ्यात का?

माझ्यापुरतं मी ठरवलंय. वर्गात फळ्यापाशी, मुलांपासून लांब, मास्क काढून शिकवायचं, खिडक्या सताड उघड्या. शंकानिरसनाच्या वेळी, माझ्या त्या चिमुकल्या खोलीत, मास्क लावायचा. ओठ बघणाऱ्या मुलाला मी वेगळी वेळ दिलीय, बाहेर बाकावर बसून.

खोलीच्या दारावर आज कागद चिकटवला: "आत येताना कृपया मास्क लावा, टेबलावर ठेवलेत." दुपारी चौघं आली, चौघांनीही न कुरकुरता लावला. मग ती मुलगी आली. एरवी दारातूनच शंका विचारून जाते. आज तिने कागद वाचला, खुर्ची ओढली आणि अर्धा तास बसली.

बाबा, तुमच्या तपासणीचे रिपोर्ट आले की लगेच कळवा.

तुमची लाडकी,
छकुली