कार्डाच्या थकबाकीसाठी अटकेची धमकी आणि हिशेबातील चूक याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
क्रेडिट कार्ड विभाग

महोदय,

वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी मी आपल्या कार्डावरून 86,400 रुपये भरले आणि पुढचे आठ महिने किमान देय रक्कम भरत राहिलो. त्यानंतर नोकरी गेल्याने सहा हप्ते थकले. कर्ज मला मान्य आहे. परंतु आजवर 38,500 रुपये भरूनही आपण जी 1,04,716 रुपयांची मागणी करीत आहात, तिचा हिशेब मला मान्य नाही.

पहिल्या थकलेल्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये विलंब शुल्क 950 आणि त्यावरील जीएसटी 171 रुपये आहे. पुढील महिन्यात याच 1,121 रुपयांवर दरमहा 3.5 टक्के दराने 39 रुपये 24 पैसे व्याज लावलेले दिसते. न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2022 च्या निर्देशांतच स्पष्ट केले होते. रक्कम किरकोळ वाटेल, पण त्यानंतर दर महिन्याला हेच घडले आहे.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. अर्जात संदर्भासाठी दिलेल्या माझ्या बहिणीच्या क्रमांकावर आपल्या वसुली एजंटाने रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी फोन केला. तो तिच्या सासऱ्यांनी उचलला आणि माझ्या कर्जाची सगळी हकीकत त्यांना ऐकवण्यात आली. सायंकाळी 7 नंतर असे फोन करू नयेत, हे रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 रोजीच कळवले आहे. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर लाल अक्षरांत 'अटकपूर्व सूचना' आली. त्यात धनादेश न वटल्याच्या गुन्ह्याखाली अटकेची धमकी होती, पण 'दावा क्र.' पुढे नुसती टिंबे होती आणि वकिलाच्या सहीखाली सनद (वकिली परवाना) क्रमांकही नव्हता. मी आपणास धनादेश दिलेला नाही, की खात्यातून परस्पर वजावटीची परवानगीही दिलेली नाही; मग न वटल्याचा फौजदारी गुन्हा कशाचा? कार्डाची थकबाकी हा दिवाणी वाद आहे.

तरी शुल्कावरील व्याज वगळून महिनावार हिशेब द्यावा आणि बहिणीचा क्रमांक वसुलीच्या यादीतून काढावा. दुरुस्त रकमेपोटी मी पुढील महिन्यापासून दरमहा 6,000 रुपये भरण्यास तयार आहे. मात्र तडजोडीच्या अटी, आणि शेवटी क्रेडिट अहवालात खाते 'बंद' दिसेल की 'सेटल्ड' (तडजोडीने मिटवलेले), हे आधी लेखी कळवावे. फोनवरच्या आश्वासनावर मी एक रुपयाही भरणार नाही.

तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईन. दावाच करावयाचा असल्यास न्यायालयाचे समन्स माझ्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवावे. मी हजर राहीन.

आपला,
एक कार्डधारक, नाशिक

सोबत : सहा महिन्यांची स्टेटमेंट्स, व्हॉट्सअॅप सूचनेची प्रत