आंबा घाटातलं भांडण तू जिंकलास

प्रिय सुध्या,

नोव्हेंबरात तुझा फोन आला तेव्हा "उद्या करतो" म्हणालो, आणि आता जून उजाडला. शिव्या घाल, ऐकून घेतो. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच.

रविवारी कराडहून येताना कुंभार्ली घाटात पहिली सर नुकतीच पडून गेली होती. उन्हाळाभराची धूळ आणि सांडलेलं तेल ओलं होऊन रस्ता साबणासारखा झालेला. वळणावर म्हैस! मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो, तर पॅडल खर्रखर्र करत थरथरायला लागलं, खालून कुणी लाथा मारतंय असं. वाटलं, ब्रेक गेला. आणि मी पाय काढला. सुध्या, पाय काढला! शेजारी मनू. ती ओरडली, "बाबा, दाबून धर!" दाबला, स्टिअरिंग फिरवलं, गाडी मुकाट वळली. म्हशीने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

आता आंबा घाट आठव. माझी मारुती आठशे, तो पाऊस, ते गटार. मी म्हणत होतो ब्रेक फेल, तू म्हणत होतास, "ब्रेक लागला म्हणूनच गेलो." त्यावरून आपण वर्षभर बोललो नव्हतो. तू बरोबर होतास. लेखी देतोय, फ्रेम करून लाव.

मिस्त्रीने समजावलं. चाक जाम झालं की फिरत नाही, नुसतं फरपटतं. आणि फरपटणाऱ्या चाकाला तुम्ही कितीही वळवा, गाडी सरळच जाते. एबीएसमध्ये, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकमध्ये, चाकांना सेन्सर असतात. चाक जाम व्हायला लागलं की सेकंदाला कित्येकदा ब्रेक सोडायचा, धरायचा. तीच ती थरथर. आपल्याला शिकवलेलं पंपिंगच, पण आपल्या पायाला जमणार नाही इतक्या वेगाने. म्हणून आपण पंपिंग करायचं नाही, गच्च दाबून धरायचं आणि वळवायचं. मर्सिडीजमध्ये हे 1978 साली आलं, आपण बालवाडीत होतो. आपल्याकडे नव्या गाड्यांना सक्ती झाली 2019 मध्ये. माझी गाडी 2020 ची. इतकी वर्षं डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा रोज बघतोय, अर्थ एकदाही विचारला नाही.

दुसरा दिवा घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा, गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा. स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी खरी कुठे चाललीय हे ती यंत्रणा ताडून बघते, आणि एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते. 1997 साली स्वीडनमध्ये, रस्त्यात अचानक मूस, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, आलं तर काय, अशा चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास उलटली, मग त्यांनी ही सोय त्या गाडीत सरसकट बसवली. आमच्याकडे म्हैस.

मिस्त्री शेवटी टायरवर अंगठा फिरवून म्हणाला, "हे गुळगुळीत असतील तर वरचं सगळं शोभेचं." पुढचे दोन बदलले.

झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. मनूला कराडला नोकरी लागलीय, आठवड्याला घाट. काल तिला शाळेच्या ओल्या मैदानावर नेलं, चाळीसच्या वेगात ब्रेक दाबायला लावला. पाच वेळा दाबला, हसत होती. मग म्हणाली, "आता तू." थरथर सुरू झाली आणि माझा पाय परत उचलला गेला. ठाऊक असून! तीस वर्षांची सवय आहे, ती मिस्त्रीच्या एका वाक्याने जात नाही. आज संध्याकाळी पुन्हा जाणार.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? फ्लॅटचा ताबा मिळाला? वहिनींना म्हैस सांगू नकोस, त्या आमच्या हिला फोन करतील.

तुझा,
बाळ्या